पाण्याखालच्या गावाचा पत्ता

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. आरोपी एका गुन्ह्यातला आठवतो आणि पंचनामा दुसऱ्याच गुन्ह्याचा. पितळी नंदीचं प्रकरण मात्र अजून तसंच्या तसं डोळ्यांपुढं उभं राहतं. त्यात मारामारी नव्हती की पाठलाग नव्हता. तरी दुपारी जरा डोळा लागला की मी त्या गावातून चालत असतो. गंमत म्हणजे ते गाव मी नांदतं कधीच पाहिलेलं नाही.

कोल्हापुरात स्थानिक गुन्हे शाखेत मी सहायक निरीक्षक होतो. चौकाचौकात नेट कॅफे निघाले होते, पण आमच्या शाखेत टंकलेखन यंत्राचाच आवाज चालायचा. त्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या एका धरणाचं पाणी कधी नव्हे इतकं खाली गेलं आणि तळातलं जुनं गाव वर आलं. धरण झालं तेव्हा उठलेलं हे गाव. काही लोकांना हातकणंगले तालुक्यात वसाहत मिळाली, बाकीचे पांगले.

महादेवाची मूर्ती लोकांनी वसाहतीत नेली होती, पण वीतभर उंचीचा पितळी नंदी मुद्दाम मागं ठेवला होता. गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीत कोनाडा होता. त्यात नंदी ठेवून म्हाताऱ्यांनी तो दगडांनी बुजवला. गाव पाण्यात चाललंय, राखणीला कुणीतरी पाहिजे, एवढाच त्यांचा विचार. इतक्या वर्षांनी देऊळ उघडं पडलं तेव्हा लोक बघायला गेले, तर दगड काढलेले आणि कोनाडा रिकामा. जुन्या सरपंचांनी धरणाजवळच्या ठाण्यात तक्रार दिली, चोरीचा गुन्हा दाखल झाला आणि तपास आमच्याकडं आला.

पंचनाम्याला मी गेलो होतो. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. घरांच्या भिंती गुडघ्याएवढ्या उरल्या होत्या, पण उंबरे जागच्या जागी होते. एका दारापुढं जातं होतं. सोबतचे हवालदार एरवी सतत बोलणारे, पण तिथं तेही हळू आवाजात बोलू लागले. कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटत होतं.

चार दिवसांनी सकाळी शाखेत फोन आला. पलीकडच्यानं नाव सांगितलं नाही.

"पेठ वडगावात एक कापडाचं दुकान हाय. त्या घरातल्या बाईला अमेरिकेतनं चेक येत्यात. बाई पाण्यातल्या गावची लेक हाय. आता काय ते तुमीच जोडा की."

मी जोडलं. माहेर त्या गावचं, पैसे परदेशातून आणि गेलेली वस्तू जुनी पितळी मूर्ती. मूर्ती बाहेर विकणाऱ्या टोळ्यांची परिपत्रकं आमच्याकडं येतच होती. फोन आलेला नंबर अंमलदारानं डायरीत टिपून ठेवला होता. मी त्या नंबराकडं पाहिलंही नाही. महिला शिपाई बरोबर घेऊन भर बाजाराच्या दिवशी जीप त्या दुकानासमोर उभी केली.

बाई पन्नाशीच्या आतल्या, लिंगायत व्यापारी घरातल्या थोरल्या सूनबाई. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, हात पिठाचे. त्यांनी हात धुतले, सासऱ्यांना काहीतरी कानडीत सांगितलं आणि जीपमध्ये बसल्या. त्यांचे मालक दुकानाचं शटर ओढून मोटारसायकलवरून मागोमाग आले. रस्त्यावरची माणसं बघत उभी राहिली होती.

शाखेत मी विचारलं, "अमेरिकेतून चेक कशाचे येतात?"

"ब्लॉगचे, साहेब."

"म्हणजे?"

"कॉम्प्युटरवर मी आमच्या गावाबद्दल लिवते. लोक वाचत्यात. बाजूला जाहिराती असत्यात, त्याचे पैसे येत्यात."

"बुडालेल्या गावात काय विकायचं असतं, की त्याला जाहिराती मिळाव्यात?"

"ते मलाबी नीट कळत न्हाय. इमानाची तिकिटं असत्यात. लग्नाची स्थळं असत्यात. मी हुंबऱ्यावर लिवलं तर एकदा फरशीची जाहिरात आलती."

महिला शिपायाला हसू आलं. मला राग आला. माणूस घडाघडा खोटं बोलतो तेव्हा ते पकडता येतं, पण ही बाई इतकी निवांत बोलत होती की मला ती तयारीची वाटली. घरात बसून आठवणी लिहायच्या आणि त्याचे पैसे घरपोच यायचे, हे माझ्या डोक्यात बसतच नव्हतं.

"नंदीच्या जागेबद्दल लिहिलंत?"

आता मात्र त्यांचा चेहरा उतरला. "व्हय. लिवलं. जुन्या माणसांना ठाऊक होतं, पण बोलत कुणी नव्हतं. माझ्या हातनं लिवून गेलं." मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "चोरी मी केली न्हाय साहेब. पण वाट मीच दावली."

मी मालकांकडं वळलो. "तुम्हाला हे सगळं माहीत होतं?"

मालक अबोल गृहस्थ. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि भिंतीकडं बघत बोलू लागले. "पारापास्नं खाली उतरलं की पयलं घर कुंभाराचं. त्याच्या चाकाचा आवाज पहाटं ऐकू यायचा. मग सुतार. सुताराच्या दारात हिच्या आजीनं लावलेली जाई. फुडं पाणवठ्याची वाट. तिथं बायका घागरी ठिवून भांडायच्या, आन् भांडण झाल्यावर एकमेकीच्या डोक्यावर घागरी चढवून द्यायच्या." ते थांबले. "मी त्या गावाला सासरवाडी म्हणून कधी गेलो न्हाय, साहेब. लग्नाआधीच गाव पाण्यात गेलतं. पण दुपारी गिऱ्हाईक नसतंय तवा दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी रोज वाचतो."

बाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. "तुमी वाचता? कधी बोलला न्हाईसा ते."

"काय बोलायचं? तू लिवतीस, मी वाचतो."

आयुष्यात मी शेकडो जबाब नोंदवले, पण नवरा-बायकोचं असं बोलणं पोलिसांच्या खोलीत ऐकलं नाही. मी लेखनिकाला थांबायला सांगितलं आणि दोघांना घरी सोडलं. बाईंनी आपली कागदपत्रं आणि आलेल्या ई-मेल दाखवायचं आपणहून कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या कपड्यांत मी एका नेट कॅफेत जाऊन बसलो आणि तो ब्लॉग पहिल्यापासून वाचायला घेतला. सुरुवातीची पानं अडखळत लिहिलेली, अर्धे शब्द चुकलेले. मग हात सरावलेला. प्रत्येक घराला एक पान. घरात कोण होतं, चुलीवर काय शिजायचं, कोण कुणाशी बोलत नव्हतं आणि का. वाचता वाचता वरच्या पंख्याचा आवाज पाण्यासारखा वाटू लागला. पंचनाम्यात पाहिलेले उंबरे मला ओळखू येऊ लागले. ते जातं कुणाचं होतं तेही कळलं. जेवायची वेळ टळून गेली तरी मी उठलो नाही. कॅफेवाला दोनदा डोकावून गेला.

प्रत्येक पानाखाली वाचकांनी लिहिलेलं होतं. पुणे, इचलकरंजी, बेळगाव, दुबई, अमेरिका. कुणी विचारत होतं, आमची आत्या तुम्हाला आठवते का? कुणी विचारत होतं, सुताराच्या पोरीचं पुढं काय झालं? गाव सोडलं तेव्हा कडेवर असलेली पोरं आता मोठी होऊन आपलं घर कुठलं ते तिथं शोधत होती. एकानं लिहिलं होतं, 'मी आज परदेशात बसून आमच्या परसात गेलो.' ह्या वाचणाऱ्यांमुळंच जाहिराती दिसत होत्या आणि बाईंना पैसे येत होते. पहिला चेक आला तेव्हा 'माझ्या आयुष्यातली पहिली कमाई, आणि ती माहेरानं दिली' असं त्यांनी आनंदानं लिहिलं होतं. जे जगजाहीर होतं ते फोनवाल्यानं मला गुपित म्हणून विकलं होतं.

मग एक वाचक वेगळा दिसला. त्यानं स्वतःला 'गावकरी' म्हणवलं होतं. त्यानं एकाही माणसाची चौकशी केली नव्हती. कोनाडा दारापासून किती हातांवर? दगड चुन्यात बसवलेत की नुसते रचलेत? ज्याला गावाची आठवण येते तो माणसांबद्दल विचारतो. हा भिंतीबद्दल विचारत होता. आणि बाईंनी त्याला भाबडेपणानं सगळं सांगितलं होतं.

त्यानं बाईंना एक मेलही पाठवली होती. आमच्या सायबर कक्षानं तिचा माग काढायला थोडे दिवस घेतले. मेल हातकणंगले रेल्वे स्टेशनजवळच्या एका कॅफेतून आली होती. ते कळल्यावर मला डायरी आठवली. फोन आला होता तो नंबर काढला, तर त्याच गल्लीतला नाणं टाकायचा फोनचा डबा! प्रश्न विचारणारा आणि बाईंकडं बोट दाखवणारा एकच. कॅफेच्या वहीत त्या तारखेला सही होती. तिच्यावरून चाळिशीतला एक मोडभंगार गोळा करणारा इसम आम्ही ताब्यात घेतला.

तो ठाम होता. "साहेब, आमचंबी गाव पाण्यात गेलंय. गावची आठवण येती म्हणून वाचतो. त्यात गुन्हा काय?"

मी त्याला चहा दिला. "बरं पावणं, घर कुठल्या अंगाला होतं तुमचं?"

"देवळाच्या मागं."

"मागं तर ओढा. बरं, शेजार कुणाचा?"

तो चहा फुंकत राहिला.

"पाण्याला कुठं जात होता?"

"हिरीवर."

"गावात विहीर नव्हती. सगळं गाव नदीच्या पाणवठ्यावर जायचं. बायका भांडायच्या तिथं."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मीच त्या गावचा होतो आणि तो परका. चहा अर्धा ठेवून त्यानं सांगून टाकलं. जुन्या वस्तू घेणारा एक व्यापारी त्याला भेटला होता, पण तक्रारीचा बोभाटा झाल्यावर तो मागं सरला. पोलिसांचं लक्ष दुसरीकडं जावं म्हणून ह्यानं फोन केला. शेवटी घाबरून नंदी भंगारातून शिरोली एमआयडीसीतल्या एका पितळेच्या भट्टीवर घालून टाकला.

आम्ही तसेच निघालो. भट्टीवर पोचलो तेव्हा मूस तापलेली होती आणि एक कामगार चिमट्यानं भंगार आत सोडत होता. मी नंदीचं विचारलं. त्यानं चिमटा खाली ठेवला, फडक्याला हात पुसले आणि मागच्या खोलीत नेलं. फळीवर, त्याच्या जेवणाच्या डब्याशेजारी, नंदी बसला होता. पुढं जास्वंदीचं फूल होतं.

"मालक म्हणालं, घाल. पर हात हुईना, साहेब," तो म्हणाला. "म्हटलं, ह्येला हुडकत कोणतरी येणार."

रीतसर पंचनामा करून नंदी ताब्यात घेतला. चार्जशीट गेलं, पुढं आरोपीला शिक्षा झाली. पण त्याआधी मी वडगावला गेलो. ह्याही खेपेला बाजाराच्याच दिवशी, मुद्दाम गणवेशात. दुकानात बसलो, सासऱ्यांना नमस्कार केला आणि गिऱ्हाइकांच्या देखत सांगितलं, की चूक माझी होती आणि ह्या बाईंच्या लिखाणामुळं चोर सापडला. सासरे म्हणाले, "मग कॉम्प्युटर परत जोडाया पायजे." तो त्यांनी चादर घालून माळ्यावर टाकला होता.

बाईंनी मात्र लिहायला नकार दिला. मी बरंच समजावलं. शेवटी त्या म्हणाल्या, "नंदी परत मिळायचा दिवस तेवढा लिवते. मग बघू."

कोर्टाचा आदेश झाला आणि धरणाजवळच्या ठाण्यात नंदी सुपूर्द करायचं ठरलं. सरपंच आणि दोन पंच येतील एवढीच आमची अपेक्षा होती. सकाळी दोन ट्रक आले, मग एसटीतून माणसं उतरली, मग पुण्याच्या गाड्या. वसाहतीतल्या म्हाताऱ्यांसाठीचे ट्रक आणि सगळ्यांचं जेवण बाईंनी जाहिरातींच्या पैशातून केलं होतं. मालक स्वतः वाढत होते.

सुपूर्दनाम्यावर सह्या चालू असताना मी खिडकीतून बाहेर पाहिलं. आवारात माणसं बसली होती, पण कशीही बसली नव्हती. कुंभाराकडची चिंचेच्या झाडाजवळ, त्यांच्या खालच्या अंगाला सुताराकडची, पलीकडं नदीकडच्या आळीची. मध्ये चालायला वाट सोडली होती. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. अनोळखी पोरं नाव सांगायची आणि म्हाताऱ्या त्यांना हाताला धरून त्यांच्या जागी नेऊन बसवायच्या. आवारात ऊन होतं आणि मला ते पाण्यातून झिरपल्यासारखं हलताना दिसत होतं. बाई त्या वाटेनं चालत होत्या. त्या पुन्हा लिहिणार, हे मला तेव्हाच कळलं.

ह्या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं पुढं प्रशिक्षणाला आलेली मुलं विचारायची. मी सांगायचो, आयता हातात आलेला धागा आधी उलटा ओढून बघा. कमाई समजली नाही म्हणून माणसाला चोर ठरवू नका. हे सगळं खरंच आहे. पण मला स्वतःला आठवतं ते निराळंच.

गणवेशात मी आवारात उतरलो, तेव्हा काठी टेकत एक म्हातारी फाटकातून आत आली. तिला फारसं दिसत नव्हतं. कुठं बसावं कळेना म्हणून ती वाटेतच उभी राहिली. मी तिचं आडनाव विचारलं आणि म्हणालो, "आजी, सुताराच्या फुडं चला. तुमचं घर पाणवठ्याच्या वाटेवर, डाव्या हाताला."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. टोपीचा पितळी बिल्ला चाचपला, पण तो काय आहे ते तिला उमगलं नसावं.

"तू कुणाचा रं लेकरा?" ती म्हणाली. "तुझं घर कंच्या आळीला?"

मी उत्तर देणार होतो. पण तिनं माझा हात धरला आणि मी तिच्याबरोबर चालत राहिलो.