एकाच ओळीत सुटलेलं लॉक

नातवंडांनो, तुमच्यातली थोरली रविवारी फोनवर म्हणाली, "आजी, या आठवड्यात मी एक लॉक लिहिलं. आधीच्यापेक्षा पुष्कळ वेगवान." मी "छान हो" म्हटलं, फोन ठेवला आणि लावलेली भांडी कपाटातून काढून पुन्हा लावत बसले. मला तिचा हेवा वाटला. नातीचा हेवा करणारी आजी कुणाला आवडत नाही, पण हा हेवा जुना आहे. तो कुठून आला ते क्रमाने सांगते.

तेव्हा मी पेणहून रोज रेल्वेने रोह्याच्या एका केमिकल कंपनीत जात असे. संगणक विभागात आम्ही तिघं: साहेब, मी आणि नवी आलेली, पेणजवळच्या जोहे या गणपती घडवणाऱ्या गावची एक मुलगी. कंट्रोल रूममधल्या संगणकावर माझा प्रोग्रॅम चाले. त्यातले थ्रेड म्हणजे एकाच वेळी काम करणारे हात समजा. प्रत्येक हात एकेका टाकीचं तापमान एकाच तक्त्यात लिही, आणि एक हात तो तक्ता वाचून पडद्यावर दाखवी. दोघांनी एकदम हात घातला तर आकड्यांची खिचडी होणार. म्हणून लॉक. ज्याच्याकडे लॉक, त्यानेच तक्त्याला हात लावायचा. ऑपरेटिंग सिस्टीमच्या लॉकभोवती मी एक नीटनेटकं रॅपर, म्हणजे वापरायला सोपं वेष्टण, लिहिलं होतं. फाइलच्या पहिल्या ओळीत माझं नाव होतं.

टाक्या वाढल्या तसा पडदा रखडायला लागला. साहेबांनी काम त्या मुलीला दिलं. चार दिवसांत ती नवं रॅपर घेऊन आली.

"मॅडम, आमच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखायला एकच बारीक ब्रश हाय," ती म्हणाली. "पेल्यात दिसला की घ्यायचा. नसला तर दोनदा मान वळवून बघायचं. तरीबी नाय, तर बाबांना सांगून ठेवायचं, सुटला की हाक मारा. तुमचं लॉक कसं, ब्रश समोर असला तरी दर वेळी घरात जाऊन विचारायचं, बाबा, घेऊ का?"

"आणि बाबा जेवत असले तर?" साहेबांनी विचारलं.

"मग बाबांचं जेवण होईस्तोवर गणपती बिनडोळ्यांचे ताटकळत!"

साहेब खदखदून हसले. मीही हसले. माझं लॉक दर वेळी ऑपरेटिंग सिस्टीमचं दार ठोठावत होतं, हे तिने एका मिनिटात दाखवलं. जाड इंग्रजी पुस्तकं वाचून मला ते दिसलं नव्हतं. तिचं लॉक सोडायचीही आठवण ठेवावी लागत नसे. काम संपलं की ते आपोआप सुटे.

साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्या प्रोग्रॅममध्ये तुम्हीच बसवून बघा. तुम्ही चांगलं म्हणालात तर हिचं लावू, नाहीतर तुमचं आहेच." ती अजून कायम झाली नव्हती. माझ्या शब्दावर तेही अवलंबून होतं.

"कसं वापरायचं दाखवू का?" तिने विचारलं.

"मला वाचता येतं," मी म्हटलं. आणि वाचलं नाही.

बारा ठिकाणी मी तिच्या लॉकची ओळ घातली. तिसऱ्या दिवशी चाचणीच्या संगणकावर एका टाकीचे आकडे दुसरीच्या नावाखाली दिसले. मला आनंद झाला, हे लपवत नाही. मी इंग्रजीत अर्धं पान अहवाल लिहिला: हे रॅपर भरवशाचं नाही.

साहेबांच्या टेबलावर तो ठेवायला उठले, तेवढ्यात तिने माझी फाइल मागितली. पडद्यावर बोट ठेवून ती हळूच म्हणाली, "मॅडम, हितं लॉकला नाव नाय दिलं."

आमच्या प्रोग्रॅमच्या भाषेत बिननावाची वस्तू जन्मली त्याच ओळीत मरते. माझं लॉक लागत होतं आणि त्याच ओळीत सुटत होतं. पुढचं सगळं उघड्यावर. बाराही ठिकाणी तेच. ब्रश उचलला, लगेच पेल्यात टाकला, आणि डोळे बोटाने आखले.

"कोणाला सांगू नका," ती म्हणाली. "मी रॅपरच असं करते, की नाव नाय दिलं तर प्रोग्रॅम बनणारच नाय. असं चुकता येतं, म्हणजे चूक माझीबी हाय."

ती हसली असती तर मी तिचा निवांत द्वेष केला असता. तेवढीही सोय तिने ठेवली नाही.

मी अहवालावर काट मारली आणि खाली लिहिलं: चूक माझ्या बारा ओळींत आहे, रॅपर उत्तम आहे, लावावं. साहेबांनी भुवया वर केल्या. "तुमच्याकडून, मॅडम?"

"हो. माझ्याकडून."

तिने तिच्या फाइलची पहिली ओळ मोकळीच ठेवली होती. तिचं नाव तिथे मी टाइप केलं. प्रत्येक अक्षर जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी पेणच्या फलाटावर ती नेहमीसारखी आधी आलेली. डब्यात चढून तिने माझ्यासाठी खिडकी धरली. नागोठण्यापर्यंत मी बाहेर बघत बसले. मग राहवलं नाही.

"अगं, दोनदाच का बघायचं? तीनदा का नाही?"

रोहा येईपर्यंत ती सांगत होती. हेवा तसाच होता. पण या वेळी मी ऐकत होते.

थोरले, रविवारी मी तुला काहीच विचारलं नाही. तुझं लॉक किती वेळा मान वळवून बघतं? आणि ते तू कसं ठरवलंस?