पाचवं नाव

"थांबा नं ताई, गाठ तं पाहून जा," म्हणत दोरीकाका जमिनीवर एक गुडघा टेकायचे आणि समोरच्या मुलाच्या बुटाची नाडी सोडायचे. मग तीच नाडी वेगळ्या पद्धतीने बांधून म्हणायचे, "ओढ आता." पोरगं ओढायचं. गाठ ढिम्म हलायची नाही. "आता हे टोक ओढ." एका झटक्यात सुटायची. पोरगं हसायचं, पुन्हा बांधा म्हणायचं, आणि आरतीसाठी घाईत निघालेली त्याची आई तिथेच अडकायची.

आमच्या मंडळाचा गणपती इथे अमेरिकेत, रेडमंडमधल्या एका शाळेच्या जिममध्ये बसतो. घरं विकणारे, विमा विकणारे, भरतनाट्यम शिकवणाऱ्या बाई, सगळे आत उजेडात टेबलं मांडून बसतात. हे मात्र दाराबाहेर, चपला-बुटांच्या ढिगाशेजारी उभे. अंगात स्काउटचा खाकी शर्ट, गळ्यात रुमाल आणि हातात दोरीचा तुकडा. मी एकदा विचारलं, आत का नाही येत? म्हणाले, "आत माणूस चालत असते. बूट काढाले थांबतेच. थांबलेल्या माणसाशीच बोलता येते."

असा एखादा माणूस तुमच्याही मंडळात असेल. लांबून दिसला की आपण फोन कानाला लावतो, तो. वाईट म्हणून नाही. तो काहीतरी मागणार आणि आपल्याला नाही म्हणता येणार नाही, म्हणून.

ते अकोल्याकडचे. पन्नाशीला आलेले, आमच्याच ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये कॉन्ट्रॅक्टवर सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायचे. रविवारी तीन ते साडेचार एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये ते मुलांचा स्काउट गट चालवत. मुलं त्यांना दोरीकाका म्हणत. गटात मुलं किती, असं विचारलं की ते म्हणायचे, "येऊन राहिले हळूहळू." प्रत्यक्षात चार होती. दोन तेलुगू जुळ्या बहिणी, आजीबरोबर येणारा एक अमेरिकन मुलगा आणि चौथा त्यांचा स्वतःचा सोहम.

पालकांचे प्रश्न ऐकण्यासारखे असायचे. सिलॅबस काय आहे? लेव्हल किती? एका बाबांनी तर गणिताचा बॅज मिळतो का, असं विचारलं होतं. कॉलेजच्या अर्जात याचा उपयोग होतो का, हे तर प्रत्येकजण विचारायचा. यांनी नुसतं 'होतो' म्हटलं असतं तर दहा नावं जागच्या जागी मिळाली असती. पण ते डोकं खाजवून म्हणायचे, "ते मले नाही माहीत. भात शिजवता येईल त्याले. तंबू ठोकता येईल. अंधाराले भिणार नाही." भात शिजवण्यासाठी का कोणी रविवार खर्च करतं? पालक मान हलवायचे आणि म्हणायचे, "छान उपक्रम आहे. नक्की येऊ."

इथेच त्यांची चूक व्हायची. 'नक्की येऊ' म्हणजे काय, हे तुम्हाला मला सांगायला नको. समोरच्याचं मन न दुखवता पाय काढून घ्यायची ती आपली पद्धत आहे. सत्यनारायणाला नक्की येऊ, बारशाला नक्की येऊ. म्हणणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. यांना माहीत नव्हतं. ते खिशातली छोटी वही काढायचे आणि तिथल्या तिथे मुलाचं नाव लिहायचे. रविवारी तेवढ्या मुलांसाठी खुर्च्या मांडायचे. मी पुण्याची, पुण्याची माणसं तोंडावर नाही म्हणतात असा आमचा लौकिक आहे. पंधरा वर्षं परदेशात राहिलं की तो लौकिक टिकत नाही. माझ्या मल्हारचं नाव त्या वहीत तीन गणपतींत तीनदा लिहिलं गेलं होतं.

व्हॉट्सॲपवर टाका की, असं मी त्यांना सुचवलं होतं. ते म्हणाले, "मेसेजले अंगठा येते ताई, माणूस नाही येत."

गेल्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी तळ्याकाठच्या पार्कमध्ये पिकनिक ठेवली. या आणि बघा, पटलं तर नाव द्या. जेवायला निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. पहाटेपासून पावसात ताडपत्री बांधून माणूस निखारे सांभाळत होता. फुकटचे रोडगे म्हटल्यावर अकरा कुटुंबं आली. त्यांचा चेहरा इतका फुलला होता की मला पाहवेना. ते प्रत्येकाच्या ताटात तूप वाढत होते आणि मुलांची नावं पाठ करत होते.

मग कोणीतरी शिट्टी वाजवली. सोहमने दोन्ही कान दाबले आणि ओरडायला सुरुवात केली. तो तेव्हा दहा वर्षांचा होता. बोलायचा फार कमी, आणि मोठा आवाज त्याला सहन व्हायचा नाही. त्याचं ओरडणं थांबेना. त्याने हातातलं ताट फेकलं, ते एका मुलीच्या खांद्याला लागलं, आणि तो टेबलाखाली जाऊन बसला. त्याची आई त्याच्याजवळ धावली. आम्ही बाकीच्यांनी काय केलं? ताटात पाहिलं. फोन काढले. मुलांना हाताला धरून जरा लांब उभं केलं. दोरीकाका मात्र घाबरले नाहीत की चिडले नाहीत. "शिट्टी नको वाजवू बाबा, त्याले दुखते," एवढंच म्हणाले, सांडलेलं वरण पुसलं आणि पुन्हा तूप वाढायला लागले.

गर्दीत माझा आठ वर्षांचा मल्हार दिसेना. वाकून पाहते तर तोही टेबलाखाली. सोहमसमोर मांडी घालून बसला होता, आणि सोहम त्याच्या बुटाला दोरी बांधत होता. घरी येताना गाडीत म्हणाला, "मॉम, ही नोज ऑल द नॉट्स. कॅन आय जॉइन?"

परतताना माझी एक मैत्रीण आमच्याच गाडीत होती. ती हळूच म्हणाली, "त्या काकांचं वाईट वाटतं यार, पण मुलांना नॉर्मल कंपनी नको का?" मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मल्हारला सांगितलं, बघू. रविवारी चार वाजता त्याचा बुद्धिबळाचा क्लास असतो, हे कारण माझ्याकडे तयार होतं आणि खरंही होतं. पण ते कारण नव्हतं. क्लास शनिवारीही होता. मला माझा मुलगा त्या मुलाच्या शेजारी बसलेला लोकांना दिसायला नको होता. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं.

आधी ते सोहमला गावातल्या तीन गटांत घेऊन गेले होते, हे मला नंतर कळलं. प्रत्येक ठिकाणी हसून सांगितलं गेलं की त्याला दुसरीकडे जास्त बरं वाटेल. दुसरीकडे कुठे, ते कोणी सांगितलं नाही. म्हणून त्यांनी स्वतःच गट काढला. अख्ख्या आठवड्यात सोहम आपल्या वयाच्या मुलांबरोबर बसायचा तो या दीड तासात. ही गोष्ट त्यांनी नावं मागताना कुणालाही सांगितली नाही. कीव येऊन आलेलं पोरगं दोन रविवारांत निघून जातं, असं त्यांचं म्हणणं होतं.

डिसेंबरात ते ऑफिसच्या कॅफेटेरियात माझ्या टेबलाजवळ आले. हातात डबा होता, पण बसले नाहीत. नियम असा होता की वर्षअखेरीला गटात किमान पाच मुलं हवीत, नाहीतर गटाची नोंदणी रद्द. अकरा कुटुंबांना त्यांनी दोन-दोनदा विचारून झालं होतं.

"एक पोरगं कमी पडून राहिलं ताई. मल्हार आला तं गट राहते."

तीन वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच मला असं सरळ मागितलं होतं.

"हो, नक्की. या रविवारी आणते," मी म्हटलं.

त्यांनी वही काढली. मल्हारचं नाव आधीच लिहिलेलं होतं. त्यांनी त्याच्याखाली रेघ मारली.

तो वर्षातला शेवटचा रविवार होता. अर्जावर पालकाची सही हवी होती आणि संध्याकाळपर्यंत तो पाठवायचा होता. सुट्टीमुळे बुद्धिबळाचा क्लासही नव्हता. तीन वाजता मी घरीच होते. सव्वातीनला मेसेज आला, "निघाल्या का ताई?" मी फोन उलटा ठेवला. साडेतीनला पुन्हा वाजला. नवरा म्हणाला, "अगं, नाही म्हणून टाक ना त्यांना सरळ." सरळ म्हणणं मला जमलं असतं तर काय हवं होतं. मी लिहिलं, "सॉरी, मल्हारला सकाळपासून ताप आहे."

मल्हार खाली आमच्या हॉलमध्ये लेगो खेळत होता.

पाऊण तासाने बेल वाजली. मी वर होते. दार मल्हारनेच उघडलं. जिन्यावरून मला दिसलं ते असं: दारात ते उभे, खाकी शर्टावर जॅकेट, पावसाने भिजलेले, हातात स्टीलचा थर्मास. समोर माझा धडधाकट मुलगा, एका हातात लेगोचं विमान.

"दोरीकाका!" मल्हार म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग वर माझ्याकडे पाहिलं. मग थर्मास खाली ठेवला, वाकून मल्हारच्या कपाळाला हात लावला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"उतरला ताप," म्हणाले. "बरं झालं. तुळशी-आल्याचा काढा आहे ताई. सोहमच्या आईनं दिला. असू द्या घरात, हवा बेकार आहे."

त्यांच्या जॅकेटच्या खिशातून एका कागदाची घडी बाहेर डोकावत होती, कडा भिजलेली. तो अर्ज होता. पाच वाजायचे होते, सहीला एक मिनिट पुरलं असतं. त्यांनी तो काढला नाही. आणि मीही, दाखवा बरं तो कागद, असं म्हणाले नाही. मी म्हटलं, "चहा घेता का?" ते म्हणाले, "पोरं हॉलात थांबले आहेत." आणि गेले. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, तरीही मी जिन्यावरून खाली उतरले नाही.

गट जानेवारीत बंद झाला. जुळ्या बहिणी आणि तो अमेरिकन मुलगा गावातल्या मोठ्या गटात गेले. सोहमसाठी त्यांनी तिथेही विचारलं. आमच्याकडे तेवढे स्वयंसेवक नाहीत, असं उत्तर आलं. ऑफिसात आम्ही दोघं लिफ्टमध्ये भेटायचो. ते पूर्वीसारखेच हसायचे, मल्हार काय म्हणतो विचारायचे. मी मजल्यांचे आकडे बघायचे. थर्मास मी धुऊन परत दिला, तोही त्यांच्या टेबलावर, ते जागेवर नसताना.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बुद्धिबळाला जाताना मी चर्चच्या रस्त्याने गेले. पार्किंगमध्ये एकच गाडी उभी होती. पुढच्या सीटवर ते आणि शेजारी सोहम. दोघांच्या अंगात खाकी शर्ट, गळ्यात रुमाल. पाऊस पडत होता आणि हॉलचं दार बंद होतं. का कोण जाणे, मी गाडी वळवून शेजारी लावली आणि काच खाली केली.

त्यांनीही काच खाली केली. "त्याले समजावून पाहिलं ताई," ते म्हणाले. "नाही पटत. रविवार आला की युनिफॉर्म घालून दाराशी उभा राहते. मग आणतो. साडेचार वाजले की घरी जातो." सोहम बंद दाराकडे पाहत होता. माझ्याकडे त्याने मान वळवली नाही.

मागून मल्हार म्हणाला, "इज इट अ मीटिंग? कॅन आय सिट विथ देम?"

चारला दहा मिनिटं कमी होती. मी म्हटलं, "आज उशीर झालाय. पुढच्या रविवारी."

ते मल्हारकडे पाहून हसले. "येजो बाळा," म्हणाले.

यावेळी मी शब्द पाळला. बुधवारीच बुद्धिबळाचा क्लास कॅन्सल केला. मैत्रिणीला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं. त्यांना मात्र सांगितलं नाही. म्हटलं, जाऊ तेव्हा कळेलच. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट शुक्रवारी संपलं आणि शनिवारी पहाटे ते बायको-मुलाला घेऊन गाडीने पार पूर्व किनाऱ्याकडच्या कॅरी गावाला निघाले, तिकडे कोणी ओळखीचा काम देतो म्हणाला होता. हे मला नंतर, सोमवारी त्यांच्या रिकाम्या टेबलाशेजारच्या माणसाकडून कळलं.

रविवारी तीन वाजता आम्ही चर्चच्या पार्किंगमध्ये होतो. मल्हारने घरूनच दोरी आणली होती. दुसरी गाडी नव्हती. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. मी मेसेज लिहिला, 'निघालात का?' आणि पाठवायच्या आधी पुसून टाकला. मल्हार पुढच्या सीटवर येऊन बसला आणि दाराकडे पाहत राहिला.

"आर वी अर्ली?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं. साडेचारपर्यंत आम्ही तिथेच बसलो.