ऑफिसातून आणलेलं पाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोला ठाऊक आहे, पण तिलाही मी तोंडानं सांगितलेलं नाही — तिनं ते समोर उभं राहून पाहिलं. त्या गोष्टीवर आमच्यात कधी एक वाक्यही झालं नाही. मुलीला सांगावं असं पुष्कळदा मनात आलं. तिचा जीव ज्या पाण्यानं वाचला, त्याच पाण्याची ही गोष्ट आहे. पण तिच्यापुढे बसलो की मी उन्हाळ्याचंच सांगत बसतो. उन्हाळ्याचं सांगणं सोपं असतं.

तर आधी उन्हाळाच सांगतो.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. नांदेडहून माझी इथं बदली झाली. नवी कार्यालयं निघाली होती, माणसं येत होती आणि खोल्या मिळत नव्हत्या. आम्हाला मिळाली ती पत्र्याची. लग्नाला दोन वर्षं झालेली, मुलगी जेमतेम रांगणारी. पाऊस दोन वर्षं नीट झाला नव्हता. त्या वर्षीच्या चैत्रात विहिरींचे तळ दिसले आणि वैशाखात ऊन असं पडलं की तसं पुन्हा मी पाहिलं नाही. दुपारी पत्र्याखाली बसणं म्हणजे तापल्या तव्याखाली बसणं. खाटेची लोखंडी पट्टी हाताला लागली की फोड यायचा. खिशात कांदा, डोक्याला ओला पंचा, खिडकीला भिजवलेलं पोतं — सगळं केलं. पण पोतं भिजवायला पाणी लागतं, आणि पाणीच नव्हतं.

समोर अव्वाचं घर होतं. घर माळवदाचं — जाड भिंती, लाकडी तुळया आणि वर हातभर मातीचं सपाट छत. आत पाऊल टाकलं की ऊन उंबऱ्यातच थांबायचं. अव्वा आणि अप्पा, दोघंच म्हातारे. मुलगा उदगीरला धान्याच्या दुकानात. लिंगायत माणसं. अव्वा बोलताना मध्येच कानडी शब्द टाकायची आणि आम्हाला कळला नाही की स्वतःच हसायची. आमची काहीच ओळख नव्हती. पहिल्याच आठवड्यात ती आमच्या दारात येऊन बायकोला म्हणाली, "अगं पोरी, त्या पत्र्याखाली लेकराला भाजून खातीस का? चल इकडं." त्या दिवसापासून रोज दुपारी बायको आणि मुलगी अव्वाच्या माजघरात असायच्या. आमच्याकडून तिनं कधी काही घेतलं नाही. ज्वारीची आंबील मात्र रोज पाजली. मी सुट्टीच्या दिवशी जायचो, तर मलाही वाटी यायची. "शहरातला बाबू हाय, वाळून चाललाय," म्हणायची.

त्या घराचं किती देणं लागतो हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

गल्लीत टँकर चार दिवसांनी यायचा. सुरुवातीला भांडणं व्हायची, डोकी फुटायची. मी आकड्यांचा माणूस. हिशेब चुकला की मला झोप येत नाही. मीच घरटी माणसं मोजली, घागरी ठरवल्या, टँकर यायच्या आधी कुणाची घागर रांगेत कुठं हे ठरवलं. लोकांनी ऐकलं. मला मान मिळू लागला. नियम तीन होते आणि तिन्ही माझेच. आपला दिवस सोडून दुसऱ्या गल्लीच्या टँकरवर जायचं नाही. ठरल्यापेक्षा जास्त घागर ठेवायची नाही. आणि ज्याच्या घरी वेगळा साठा आहे, त्यानं रांगेत घागर ठेवायचीच नाही.

माझ्या मोरीत पाण्यानं भरलेलं एक टिपाड होतं. हे इथं लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा फिरत बसेन. गावाबाहेरच्या एका विहिरीवरून बैलगाडीनं पाणी आणणाऱ्याकडून मी ते भरून घेतलं होतं, पहाटे, गल्ली उठायच्या आत. वर झाकण, झाकणावर पोतं, पोत्यावर गोवऱ्या. लहान लेकरू आहे, टँकर चुकला तर? — असं मी स्वतःला सांगितलं होतं. आणि रांगेत घागरही ठेवत होतो.

एका रविवारी दुपारी बायको धावत मला बोलवायला आली. मुलीला ऊन लागलं होतं. सकाळी थोडा वेळ ती पत्र्याखाली आमच्याकडेच होती, तेवढ्यात. अंग भट्टीसारखं, डोळे वर, रडणंसुद्धा बंद. मी गेलो तेव्हा अव्वानं तिला उघडी करून जमिनीवर निजवलं होतं आणि धोतराचं फडकं भिजवून भिजवून अंगावर घालत होती. फडकं टाकलं की वाळत होतं. एक घागर संपली. दुसरी संपली. आवाज ऐकून शेजारच्या दोघी बाया दारात उभ्या होत्या.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिला विचारायचं होतं — आपलं आणू का? मी मान हलवली. नको.

का हलवली? दारात त्या दोघी होत्या. त्यांच्यासमोरून घागरीवर घागर आली असती तर त्यांनी विचारलंच असतं, कालच्या टँकरला तुमच्या ठरल्या तेवढ्याच घागरी, मग हे इतकं कुठलं. लेकरू समोर तसं पडलं होतं आणि माझ्या डोक्यात हे चाललं होतं.

मग अव्वानं कोपऱ्यातली तांब्याची घागर ओढली. ती अप्पांच्या आंघोळीची. अप्पा रोज आंघोळ करून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करत आणि त्याशिवाय घास तोंडात घालत नसत. कितीही टंचाई असो, ती घागर घरात कुणी प्यायलासुद्धा घेत नसे. अव्वानं अप्पांकडे पाहिलं. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "वत की. माझ्याकडं काय बघतीस? लेकरू बघ."

तिनं ती ओतली. थोड्या वेळानं मुलगी रडली. संध्याकाळी डॉक्टर आले, म्हणाले, अंग ओलं ठेवणाऱ्यानंच हिला वाचवलं, मला करायला काही उरलेलं नाही.

माझं टिपाड आणि ती मान हलवणं सोडलं, तर इथवरचं माझ्या मुलीला माहीत आहे. पुढचं नाही.

पुढचा टँकर यायला अजून तीन दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या गल्लीत टँकर आला आणि अव्वा एक घागर घेऊन तिथं गेली. तिथल्या बायांनी तिला अडवलं. "अवो अव्वा, तुमचा नंबर परवा हाय. इथं काय करायलाव?" एकजण म्हणाली, "म्हातारी लई हुशार, दोन्हीकडं भरती का?" अव्वानं माझ्या लेकराचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाली, "एक घागर द्या गं, म्हाताऱ्याच्या आंघोळीला." त्यावर हशा झाला. आंघोळीला!

मी ऑफिसला निघालो होतो, तिथंच होतो. मला बघून एक गडी म्हणाला, "घ्या, साहेबच आले. साहेब, तुमीच सांगा. नियम तुमचाच हाय का न्हाई?"

तिचं पाणी माझ्या घरासाठी गेलं, एवढं बोलायचं होतं. एक वाक्य. पण मग कुणीतरी विचारलं असतं, तर साहेब, तुमच्या वाट्यातलं द्या की तिला. आणि कुणी माझ्यासोबत माझ्या मोरीपर्यंत आलं असतं.

मी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा."

अव्वा म्हणाली, "खरं हाय, बाबा." आणि रिकामी घागर घेऊन घरी गेली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. उन्हात म्हातारा माणूस उपाशी. संध्याकाळी बायकोनं ताट वाढलं, माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः न जेवता मुलीला घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा ओट्यावर बसले होते, ओठांना पांढरी साय धरलेली, आणि मला बघून विचारत होते, "पोरगी कशी हाय?"

मी घरात आलो, टिपाडावरच्या गोवऱ्या काढल्या आणि दोन घागरी भरल्या. मागच्या दारानं, बोळातून फिरून, रस्त्यावरून येतोय असं दाखवत त्यांच्याकडे नेल्या. अव्वा म्हणाली, "अरे, कुठलं आणलंस बाबा?" मी म्हणालो, "ऑफिसातून."

बायको दारात होती. तिनं ऐकलं.

अव्वानं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. अप्पांनी त्या पाण्यानं आंघोळ केली, पूजा केली आणि मग जेवले. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं — साहेबानं नियम पाळला, पण म्हाताऱ्यासाठी ऑफिसातून डोक्यावर पाणी वाहून आणलं. दोन्हीकडून माझंच नाव झालं. आदल्या दिवशी ज्यांनी अव्वाला हसून परत पाठवलं, त्यांनीही मला नमस्कार केला. मी तो घेतला. पुढच्या टँकरला रांगेत घागरही ठेवली.

त्या घरानं माझ्यावर त्यानंतर वीस वर्षं माया केली. अप्पा गेले. आम्ही पत्र्याची खोली सोडून स्वतःचं घर बांधलं, पण दर वैशाखात अव्वा मुलीसाठी आंबिलीचं पीठ पाठवायची. मुलीच्या लग्नात ती मांडवात बसून पाहुण्यांना सांगत होती, "हिचा बाप म्हंजे देवमाणूस, दुष्काळात आम्हाला पाणी दिलं यानं." स्वतःनं ओतलेल्या घागरींचं तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. तिला खरं कळलं होतं का? मला माहीत नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मला आयुष्यात पुष्कळ मिळालं. त्यातलं सगळ्यात मोठं त्या माजघरात मिळालं आणि ते देणाऱ्या दोघांचे मी रोज उपकार मानतो. मुलगी उंबऱ्यातून आत येते तेव्हा मानतो, तिचं लेकरू रडतं तेव्हा मानतो. हे मनापासून लिहितो आहे. पण उपकार मानणं वेगळं आणि खरं सांगणं वेगळं. ते मी केलं नाही.

अव्वा गेल्या वर्षी उदगीरला वारली. निरोप आला तेव्हा मी आणि बायको गेलो. श्वास चालू होता, डोळे मिटलेले. खोलीभर माणसं. तिच्या मुलानं चमचा आणि पाण्याची वाटी माझ्या हातात दिली. म्हणाला, "काका, पहिलं पाणी तुमचं. अव्वानं सांगून ठेवलंय."

सगळे माझ्याकडे आदरानं बघत होते. बायको भिंतीकडे बघत होती. तेव्हा तरी बोलता आलं असतं — खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू गेलं असतं.

मी वाकलो आणि पाणी पाजलं. तिनं ते गिळलं.