ऑर्डर येईपर्यंत

वडील, नरहरराव, सायकलवर टांग टाकून सचिवालयाच्या वाटेला लागले की शशिकला आरशासमोर बसायची आणि दोन वेण्या घालायची. घट्ट, वर दुमडून कानामागे लाल रिबिनीनं बांधलेल्या, नागपूरच्या शाळेत घालायची तशाच. मग भांग नीट आहे ना ते एकदा बघायची, उठायची आणि खरकटी भांडी घेऊन मोरीवर जाऊन बसायची.

"कुठं निघालीस?" आई स्वयंपाकघरातून विचारायची.

"कुठं नाही."

"मग वेण्या कुणासाठी?"

"केस तोंडावर येतात भांडी घासताना."

आईला खरं माहीत होतं. पण तिच्या हाताशी दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती पुढं काही बोलत नसे.

छपन्न सालच्या नोव्हेंबरात राजधानी नागपूरहून भोपाळला आली. तिच्याबरोबर फायली आल्या, कपाटं आली, आणि फायली सांभाळणारे कारकून आपापल्या बायकामुलांना घेऊन आले. नागपूर आता मुंबई राज्यात गेलं होतं. मराठी कारकुनांपैकी बहुतेकांनी, आम्हाला मुंबई राज्यात पाठवा, असं लिहून दिलं होतं. त्याला सगळे 'ऑप्शन' म्हणत. ऑप्शन दिला होता, ऑर्डर यायची होती. ती आज येईल, दिवाळीनंतर येईल, अधिवेशन संपलं की येईल, यावर नव्या क्वार्टरांच्या नळावर रोज बोलणं चाले. चार दिवसांसाठी आलोय म्हणून कुणी भिंतीला खिळा ठोकत नव्हतं. एका बाईंनी दारात तुळस लावली, तर बाकीच्या म्हणाल्या, "यांचा इथंच म्हातारं व्हायचा विचार दिसतोय."

शशिकला तेव्हा आठवीत होती. तिच्या पाठचा उदय सातवीत. निघायच्या आदल्या दिवशी नरहररावांनी ठरवलं की उदय नागपूरला काकांकडे राहील. मराठी शाळा सुटायला नको, वर्ष वाया जायला नको. शशिकलाच्या वर्षाचं कुणी बोललं नाही. बोलायला तशी सवडही नव्हती, कारण आईचे दिवस भरत आले होते. एरवी ती बाळंतपणाला अमरावतीला माहेरी गेली असती. पण नव्या गावात नवऱ्याला एकटं टाकून कसं जायचं, आणि इथं तर ना आई, ना जाऊ, ना नणंद. ओळखीची म्हणावी अशी एक बाई नव्हती. मग त्या सगळ्या जणींच्या जागी तेरा वर्षांची शशिकला उभी राहिली. कांचन जन्मली तेव्हा तिनंच शेगडी पेटवली, शेक दिला, डिंकाचे लाडू वळले, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. भोपाळची ती पहिली थंडी तिच्या ध्यानात राहिली ती धुपाच्या वासानं आणि न वाळणाऱ्या दुपट्यांनी.

"आईला जरा उठू-बसू दे," नरहरराव म्हणाले, "मग शाळेचं बघू."

आई उठू-बसू लागली. मग त्यांनी म्हटलं, "आता ऑर्डर येईलच. इथं हिंदी शाळेत घालायची, पुस्तकं बदलायची, आणि सहा महिन्यांत परत मराठी. पोरीचे हाल कशाला?"

नरहरराव काही वाईट गृहस्थ नव्हते. मुलीवर त्यांनी कधी हात उगारला नाही. जुन्या शहरात गेले तर तिच्यासाठी आठवणीनं पेरू आणायचे. फक्त ते वाट बघत होते, आणि त्यांच्या वाट बघण्यात तिची वर्षं चालली होती, हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

शेजारच्या क्वार्टरमध्ये रत्नप्रभाबाई राहायच्या. त्यांचे यजमान बांधकाम खात्यात होते, आणि बाई स्वतः मुलींच्या सरकारी शाळेत शिकवायच्या. एका रविवारी त्या विरजण मागायला म्हणून आल्या आणि भांडं हातात घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

"नरहरराव, पोरगी किती दिवस घरात ठेवणार?"

"अहो, ऑर्डर आली की निघायचंय. सहा महिन्यांचा प्रश्न आहे."

"तुमच्या सहा महिन्यांना तिसरं वर्ष लागलं."

नरहरराव हसले. "तुम्हीपण ना बाई. आता तिला आठवीत कुठं बसवणार, एवढ्या एवढ्या मुलींत?"

"आठवीत नकोच. घरी शिकवते मी. मॅट्रिकला बाहेरून बसू दे."

घरबसल्या होतंय, फी नाही, कुठं जायचं नाही. नाही म्हणायला कारण सापडलं नाही, म्हणून नरहरराव हो म्हणाले.

पुढं दीड वर्ष शशिकला कांचनला कडेवर घेऊन रोज संध्याकाळी त्या क्वार्टरमध्ये गेली. अक्षरं तीच होती, पण बेरजेला इथं जोड म्हणायचं आणि वजाबाकीला घटाना. सुरुवातीला ती मनात मराठीत गणित करायची आणि कागदावर हिंदीत उतरवायची. पुढं पुढं मनातही हिंदीतच होऊ लागलं, तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. भूमितीचं प्रमेय सुटलं की ती वही बाईंपुढं सरकवायची. बाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "शहाणी आहेस. पण शहाणपणाचा पुरावा लागतो बाळ, सरकारी शिक्क्याचा. मार्चमध्ये तो आणायचा."

मार्च आला. साठ सालचा. त्याच महिन्यात तिकडं उदयची मॅट्रिक होती.

जेवताना आईनं विषय काढला. "काकूंच्या हातचं त्याला पचत नाही. परीक्षेच्या दिवसांत पोट बिघडलं म्हणजे?"

"मी रजा टाकलीय," नरहरराव म्हणाले. "साहेब अधिवेशनात रजा द्यायला तयार नव्हते. म्हटलं, मुलाची मॅट्रिक आहे. दिली मग. दोघंही जाऊ. मधल्या सुट्टीत डबा घेऊन कुणीतरी उभं राहायला हवं."

शशिकला वाढत होती. तिनं विचारलं, "कांचन?"

"कांचन तिथं त्याला अभ्यास करू देईल का? ती राहील तुझ्याजवळ."

"माझे पण पेपर आहेत, नाना."

नरहररावांचा घास हातात राहिला. त्यांना खरंच आठवलं नव्हतं. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला आणि मग पुन्हा जागेवर आला. "रत्नप्रभाबाई आहेत ना. त्या बघतील काहीतरी. आणि तुझं काय गं, नाहीच जमलं तर ऑक्टोबरला बसता येतं. त्याचं कॉलेज अडेल."

तिनं भाताचं पातेलं उचललं. "आणखी वाढू?"

रत्नप्रभाबाईंना शाळेतून सुट्टी मिळणार नव्हती. उलट परीक्षेचं केंद्र त्यांच्याच शाळेत होतं आणि त्यांना दुसऱ्या खोलीवर देखरेख होती. त्यांनी शाळेतल्या म्हाताऱ्या आयाबाईला गळ घातली. पहिले पेपर त्यावरच निभावले. शशिकला कांचनला घेऊन टांग्यानं जायची. आयाबाई व्हरांड्यात पोरीला फुटाणे चारायची, चिमणी-कावळ्याच्या गोष्टी सांगायची आणि मांडीवर निजवायची. हिंदीचा पेपर चांगला गेला, इतिहासाचा त्याहून चांगला.

गणिताच्या दिवशी आयाबाई आली नाही. तिच्या घरी कुणाची तरी मयत झाली होती. शशिकलानं व्हरांड्यातल्या खिडकीखाली कांचनला बसवलं, चुरमुऱ्यांची पुडी दिली आणि म्हणाली, "हललीस तर बघ. घंटा झाली की मी आलेच."

भूमिती सुटली. बीजगणिताचं पहिलं उदाहरण सुटलं. दुसऱ्याच्या मध्यावर खिडकीच्या गजांत दोन लहान मुठी दिसल्या आणि मागोमाग आवाज आला, "शशीताई, शी लागली."

ओळीतल्या मुली खुदकन हसल्या. बहुतेकींना शब्द कळला नव्हता, पण सूर कळला होता. शशिकला उभी राहिली.

"बहनजी, दो मिनिट. छोटी बहन है."

देखरेखीच्या बाईनं मान हलवली. "बाहर गईं तो वापस नहीं आ सकेंगी. नियम है, बेटी." तिच्या बोलण्यात राग नव्हता.

शशिकला बसली. तिनं लेखणी उचलली, क्ष लिहिला, त्याच्यापुढं बरोबरचं चिन्ह काढलं. बाहेर कांचन रडायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं. तिला घाण करून घ्यायची नव्हती, तसं शशिकलानंच तिला शिकवलं होतं. एक मुलगी मान वळवून म्हणाली, "अरे चुप कराओ न कोई." शशिकलानं उदाहरणाची आणखी एक ओळ लिहिली. पुढची सुचेना. मग तिनं पेपर घडी न पाडता नीट टेबलावर नेऊन ठेवला आणि बाहेर गेली.

आई-नाना परत आले ते संत्र्यांची करंडी घेऊन.

"उदयचे पेपर छान गेले गं," आई म्हणाली. "दुपारी डबा घेऊन उभे राहायचे हे, उन्हात. कांचननं त्रास नाही ना दिला?"

"नाही."

"आणि तुझं?"

"गणित अर्धं राहिलं."

"एकाच विषयाचं ना?" नरहरराव संत्रं सोलत म्हणाले. "ऑक्टोबरला देऊन टाक."

आणि ती खरोखरच ऑक्टोबरच्या तयारीला लागली. निकालात बाकी सगळ्या विषयांत ती पास होती. एक पेपर, तीन तास, एवढंच उरलं होतं. रत्नप्रभाबाई म्हणायच्या, "हे तर तू झोपेत सोडवशील."

त्या उन्हाळ्यात महाराष्ट्र राज्य झालं. क्वार्टरांत पेढे वाटले गेले. आणि पहिला पाऊस लागायच्या आत ऑर्डर आली. शेजारच्या ओळीतल्या तिघांना मुंबई मिळाली. नरहररावांचं नाव मध्यप्रदेशातच राहिलं होतं. रविवारी त्यांनी बाजारातून हातोडी आणि खिळे आणले आणि दुपारभर भिंतीला खिळे ठोकत बसले. पंचांग, दत्ताची तसबीर, छत्री, सगळं टांगून झालं. मग आईला म्हणाले, "आता इथंच राहायचं म्हटल्यावर शशीचं बघायला हवं."

मुलगा जवळच सापडला. नीळकंठ नाव, बांधकाम खात्यात मिस्त्रींच्या वरचा माणूस, दोन ओळी सोडून क्वार्टर. स्वतः मॅट्रिक झालेला. बैठकीत त्याच्या मामांनी हसत हसत विचारलं, "मुलीचं शिक्षण फार नाही ना? आमच्याकडे बायकांनी हिशेब तपासलेले चालत नाहीत." सगळे हसले. तुळशीचं लग्न झालं की पहिला मुहूर्त धरायचा, असं ठरलं.

त्या रात्रीच्या जेवणाआधी नरहररावांनी तिला जवळ बसवलं. आवाज मायेचा होता. "ऑक्टोबरचं आता राहू दे, बाळ. नापास झालीस तर त्यांच्या कानावर जाईल. आणि पास झालीस तर त्यांना आवडायचं नाही."

शशिकलानं मान डोलावली.

रत्नप्रभाबाईंना कळलं तेव्हा त्यांनी तिला अंगणात गाठलं. "मी बोलू का पुन्हा त्यांच्याशी?"

"नको बाई. नानांना वाईट वाटेल."

नीळकंठ शांत माणूस होता. मामांसारखा नव्हता. पुस्तक वाचू नको, असं त्यानं कधी म्हटलं नाही. तसं म्हणायची वेळच आली नाही, कारण बासष्टच्या सुरुवातीला दत्तू झाला आणि दिवस दत्तूचे झाले. घरात पाणी संध्याकाळी यायचं, ते भरायचं. गहू निवडायचे. नवऱ्याचे चुन्यानं माखलेले कपडे धुवायचे. कुणी बोललं तर ती हसून उत्तर द्यायची. आपणहून मात्र फारसं बोलत नसे.

एकाच गोष्टीसाठी ती त्या काळात भांडली. जुलै आला तरी आई कांचनला शाळेत घालेना. "पुढच्या वर्षी बघू. मला गुडघ्यांनी हलवत नाही, ही जरा हाताखाली असते."

शशिकला दत्तूला कडेवर घेऊन माहेरी गेली. "नाना, ऑर्डर आलीय ना? मग आता कशाची वाट बघायची?"

नरहरराव वर्तमानपत्रातून वर बघेनात. तिनं कांचनचा हात धरला आणि स्वतः नेऊन रत्नप्रभाबाईंच्या शाळेत पहिलीत बसवलं. तेव्हापासून कांचन रोज सकाळी तिच्या दारावरून जायची. शशिकला तिला थांबवून पाटी बघायची, नाक पुसायची आणि पाठीवर चापट मारून पिटाळायची. "पळ, प्रार्थना सुरू होईल." पोरगी चिखलातून, खडीतून उड्या मारत जायची. ती वळणाआड होईपर्यंत शशिकला उंबऱ्यात उभी असायची.

त्रेसष्टच्या मार्चमध्ये उदयची कॉलेजची परीक्षा होती. आई नेहमीप्रमाणे नागपूरला गेली. शशिकलाला दिवस गेले होते, पण बाळंतपणाला अजून महिना होता, रामनवमीच्या आत येतेच, असं आई म्हणाली. जाताना कांचनला तिच्याकडे ठेवून गेली.

महिना राहिला नाही. एका सकाळी, कांचन दप्तर घेऊन निघायच्या वेळेला, शशिकलाच्या पोटात कळ आली आणि तिनं दाराची चौकट धरली. नीळकंठ टांगा आणायला धावला. दत्तू तिच्या लुगड्याला लोंबकळत होता, सोडत नव्हता. रत्नप्रभाबाई शाळेत गेलेल्या, नरहरराव सचिवालयात.

दवाखान्यात संध्याकाळी मुलगी झाली. मुलगी जगली. शशिकला गेली. वीस वर्षांची होती.

आई नागपूरहून आली ती दारातच बसली आणि उठेना. दोन लेकरांचं करायला घरात बाईमाणूस हवंच होतं. कांचनचं दप्तर खिळ्याला अडकलं, आणि जुलैमध्ये हजेरी घेताना तिचं नाव कुणी पुकारलं नाही. रत्नप्रभाबाई एकदा येऊन गेल्या. नरहरराव म्हणाले, "पोरं जरा मोठी होऊ द्या, मग बघू."

दिवसकार्याला जमलेल्या बायकांनी कांचनला जवळ ओढून विचारलं होतं, शेवटचं काय बोलली गं ताई? देवाचं नाव घेतलं का? नवऱ्याबद्दल काही? तसं काही नव्हतं. ताई टांग्यात चढली, पदर सारखा केला, आणि खाली दप्तर घेऊन उभ्या असलेल्या तिला म्हणाली, "आजच्या दिवस शाळेत नको जाऊस, कांचन. दत्तूपाशी बस. उद्यापासून जा."