ट्रॅक्टर झोपवणारा

माझा धाकटा भाऊ ट्रॅक्टर बंद करत नसे, झोपवत असे. हा त्याचाच शब्द. संध्याकाळी काम आटोपून आला की इंजिन बंद करून खाली उतरायचा, पायरीजवळ उकिडवा बसायचा, हात आत घालून काहीतरी खुडबुड करायचा आणि मग घरात येऊन जाहीर करायचा, "झोपवला." भावजय म्हणायची, आमचे पाय कधी चेपले नाहीत, त्याचे मात्र रोज चेपतात. तो हसत हसत हात धुवायचा आणि जेवायला बसायचा. कशाची खुडबुड, हे कुणी कधी विचारलं नाही. ट्रॅक्टरवर त्याचा जीव होता, चेपत असेल बापडा, असंच आम्ही धरून चाललो होतो.

स्वभावाने पक्का संशयी. सायकलला दोन कुलपं, घरातली कात्री दोरीने खिळ्याला बांधलेली. कुणी ट्रॅक्टर मागायला आलं तर नाही म्हणायचा नाही, पण चावी हातातून सुटायची नाही. लोकांची नांगरट असो नाहीतर विटांची खेप, हा स्वतः चालवत जायचा. जेवणाचा डबा बरोबर, पाणी बरोबर, आणि बडबड अखंड. समोरच्याला तोंड उघडायची सोय ठेवायचा नाही. आमच्या घरात तोंडाचा पट्टा सगळ्यांच्याच वाट्याला आलाय, मी त्याची थोरली बहीण, मी काही वेगळी नाही, पण त्याच्यापुढे मीही हात टेकायची.

आणि असा माणूस एका सकाळी उठायला गेला तो उठलाच नाही. उजवी बाजू गेली. वाचा गेली. गेली म्हणजे सगळी गेली, पण एक शब्द तेवढा मागे राहिला. डबा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं कधीकधी, एखादाच शब्द शिल्लक राहतो. त्याला समजतं किती, असं भावजयीने विचारलं तर म्हणाल्या, आत्ताच सांगता येणार नाही. आम्ही त्याचा अर्थ लावला की फारसं समजत नाही. एवढा बडबड्या माणूस गप्प पडला म्हटल्यावर दुसरं काय वाटणार?

मी माझं घर लेकीवर सोपवून इकडे राहायला आले. भावजय शिवणकामाच्या कारखान्यात जाते, दिवसभर त्याच्याजवळ कुणीतरी हवंच होतं. त्याची खाट आम्ही मागच्या खोलीत खिडकीशी लावली. समोर अंगण, अंगणात पत्र्याची शेड, शेडमध्ये ट्रॅक्टर. तेवढंच त्याला बघायला बरं.

तो "डबा" म्हणाला की मी ताट वाढायची. सरळ गोष्ट आहे. उभा जन्म डबा घेऊन घराबाहेर पडलेला माणूस, त्याला भूक लागली की डबाच आठवणार. ताट पुढे केलं की डाव्या हाताने ढकलायचा. मग माझं डोकं सणकायचं. मागतोस कशाला आणि ढकलतोस कशाला, म्हणून मी ओरडायची. तो पुन्हा "डबा, डबा" करायचा. मी घास घेऊन तोंडाशी न्यायची, तो तोंड गच्च मिटून भिंतीकडे वळायचा. दिवसेंदिवस वाळत चालला होता. भावजय रात्री हळूच मला विचारायची, वन्सं, आज काही गेलं का पोटात? मला रडू यायचं आणि रागही यायचा, आणि दोन्ही मी भांड्यांवर काढायची.

तिकडे ट्रॅक्टरनेही अंग टाकलं. भावजयीचं म्हणणं, ड्रायव्हर ठेवून ट्रॅक्टर कामाला लावू, हे बरे होऊन उठतील तेव्हा त्यांचं काम त्यांच्यासाठी थांबलेलं असेल. ओळखीतला एक ड्रायव्हर आला, त्याने चावी फिरवली. चालू झाला, शेडमधून बाहेर निघाला, फाटकापर्यंत गेला आणि उचकी लागल्यासारखा करून बंद पडला. तो पडला तो पडलाच. ढकलून परत शेडमध्ये नेला. मग गॅरेजवाला आला. त्याने इकडे ठोकलं, तिकडे ठोकलं, पंप गेलाय म्हणाला, मोठं काम आहे म्हणाला, आणि पुन्हा फिरकला नाही.

मी भावजयीला स्पष्टच सांगितलं, भंगारात काढ. तो उठत नाही, हा चालत नाही, दोघांपैकी एकाचा तरी घोर कमी होऊ दे. तिने मान डोलावली. भंगारवाला दुपारी गाडी घेऊन येणार असं ठरलं. हे सगळं बोलणं आम्ही त्याच्या खाटेशी उभं राहून केलं. त्याला समजत नाही अशी खात्रीच होती ना!

त्या सकाळी भावजयीने रजा घेतली आणि जाऊन एका मिस्त्रीला घेऊन आली. शेवटचं एकदा बघू द्या, म्हणाली. मिस्त्री म्हणजे काटकुळा, कपाळाला आठी, आल्याआल्या चहा मागणारा. मी मनात म्हटलं, आला अजून एक. चहा पिऊन झाल्यावर त्याने ट्रॅक्टरकडे बघितलंसुद्धा नाही, मला विचारलं, "शेवटचा हात कुणाचा लागलाय?"

म्हटलं, गॅरेजवाल्याचा. त्याच्याआधी? ड्रायव्हरचा. त्याच्याआधी? मी खिडकीकडे बोट केलं आणि म्हटलं, माझ्या भावाचा, पण त्याला विचारण्यात अर्थ नाही. मिस्त्री बरं म्हणाला आणि कामाला लागला. त्याची आपली रीतच ती, भावजयीने मला मागून सांगितलं. बिघाड बहुतेक वेळा जिथे शेवटचा हात लागला तिथेच असतो म्हणे, म्हणून हत्यार उचलायच्या आधी तो हे विचारणारच.

बॅटरी त्याने स्वतःची आणली होती. ती जोडून चावी फिरवली तर इंजिन छान घरघरलं, पण पेटेना. मिस्त्री धुराड्याच्या नळीकडे बघत होता. धूर नाही. तो स्वतःशीच बोलत काम करणारा माणूस होता, त्यामुळे मलाही सगळं समजत गेलं. डिझेल आत जाऊन पेटलं नसतं तर निदान पांढरा धूर तरी आला असता. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही. इंजिन बंद करायची खुंटी ओढलेली राहिली का ते बघितलं, नव्हती. टाकीत काठी बुडवली, काठी ओली. टाकीखालची डिझेलची चावी उघडी. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला आणि डिझेल ओढायचा तिथला छोटा हातपंप मारत राहिला. डिझेल नाही, बुडबुडासुद्धा नाही.

"पंपाचा काही दोष नाही," तो म्हणाला. "डिझेल पंपापर्यंत येतंय कुठं? टाकी आणि फिल्टर, या दोघांच्या मधेच घोडं पेंड खातंय."

मधे होती एक रबरी नळी. टाकीखालून निघून, पायरीजवळच्या पत्र्यामागून वळसा घेऊन फिल्टरला जाणारी. नळीत कचरा अडकला असेल म्हणून त्याने फिल्टरकडचं टोक काढून फुंकून बघितलं. गाल फुगले, हवा काही जाईना. मग डोकं खाजवत म्हणाला, टाकी उतरवावी लागेल, अख्खी दुपार जाईल.

दुपारी तर भंगारवाला येणार होता. मी म्हटलं, राहू द्या मिस्त्री, झालं तेवढं पुरे. भावजय शेडच्या खांबाला धरून उभी होती, तिचा चेहरा एवढासा झाला. आणि त्याच वेळी खिडकीतून सुरू झालं, "डबा! डबा!" डाव्या हाताने तो गज बडवत होता. मी म्हटलं, झालं, भूक लागली वाटतं, आणि स्वयंपाकघरात जाऊन ताट वाढून घेतलं. ताट घेऊन खोलीत आले तर मिस्त्री बाहेरून खिडकीपाशी येऊन उभा, फडक्याने हात पुसत होता. इतर कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याला विचारावं तसं त्याने माझ्या भावाला विचारलं,

"कुठला डबा, दादा?"

मी ताट घेऊन तशीच थांबले. भावाने गज बडवायचं थांबवलं. मिस्त्रीकडे बघत राहिला. मग हात गजांतून बाहेर काढला आणि बोट ट्रॅक्टरकडे केलं. मिस्त्री चालत गेला, एकेका जागी हात ठेवून विचारत गेला. हा? भाऊ नकाराची मान हलवी. हा? नाही. पायरीजवळ तो मघाचा पत्रा होता ना, ती हत्यारांची पेटी होती. पान्यांचा डबा म्हणायचा तो तिला. मिस्त्रीने तिच्यावर हात ठेवला आणि भावाने होकाराचे डोळे मिटले. मग दोन बोटं हवेत धरून नळ फिरवावा तशी फिरवली.

मिस्त्री तिथेच उकिडवा बसला, रोज संध्याकाळी माझा भाऊ बसायचा अगदी त्याच जागी. डब्याच्या मागे कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं आणि हसायलाच लागला. नळीच्या मधोमध एक छोटी पितळी चावी बसवलेली होती, ती बंद होती. चोराने ट्रॅक्टर पळवलाच तर नळीत उरलेल्या डिझेलवर फाटकापर्यंत जाईल आणि बंद पडेल, असा सगळा बेत. सायकलला दोन कुलपं घालणारा माणूस ट्रॅक्टरला एकावर कसा भागवेल? आजारी पडायच्या आदल्या संध्याकाळी तो नेहमीसारखा त्याला झोपवून आला होता. ड्रायव्हरच्या हाती तो फाटकापर्यंतच कसा गेला, हेही तेव्हा आम्हाला कळलं.

चावी उघडली, फिल्टरच्या स्क्रूतून फसफस बुडबुडे आले, मग नितळ डिझेल आलं. पहिल्या खेपेला नुसती घरघर. दुसऱ्या खेपेला ट्रॅक्टर धडधडत उठला आणि शेडचे पत्रे थरथरायला लागले. भावजय खिडकीशी धावली आणि रडत रडत त्याला भांडायला लागली, मलासुद्धा सांगितलं नाहीत, मलासुद्धा? तो तोंडाच्या डाव्या बाजूने हसला. "डबा," म्हणाला. त्या एका शब्दात त्याने तिला किती उत्तरं दिली असतील, मला आता वाटतं, पुष्कळ दिली.

मी मात्र खाली बसले. ताट मांडीवर तसंच. त्याला समजत होतं. सगळं समजत होतं. मी भंगार म्हटलं तेही, दोघांपैकी एकाचा घोर म्हटलं तेही. त्याच्या पोटात काय काय झालं असेल, आणि तोंडातून निघाला असेल फक्त डबा, आणि वर माझं ताट. त्याचा हात धरून मी इतकी रडले की मिस्त्री बाहेर उगाचच पाना पुसत राहिला.

भंगारवाल्याला भावजयीने फाटकातूनच परत पाठवलं. ड्रायव्हर आला, ट्रॅक्टर एक चक्कर मारून शेडमध्ये येऊन थांबला, इंजिन बंद झालं. दिवस कलला होता. मघाचं ताट खाटेशेजारी तसंच होतं, मी भावाच्या पायांना तेल लावत होते.

"डबा," तो म्हणाला.

माझी पावलं सवयीने स्वयंपाकघराकडे वळली. दारातून मागे फिरले, त्याच्या खाटेच्या कडेला बसले आणि विचारलं, "कुठला रे?"

त्याने माझ्याकडे बघितलं. एवढ्या महिन्यांत असं त्याने माझ्याकडे बघितलं नव्हतं. मग बोट खिडकीकडे केलं. मी भावजयीला हाक मारली. ती अंगणात गेली, पायरीजवळ उकिडवी बसली, डब्यामागे हात घातला आणि थोडी खुडबुड केली. पदराला हात पुसत आत आली, त्याच्या उशाशी उभी राहिली.

"झोपवला," ती म्हणाली.

तेव्हा कुठे त्याने ताटाकडे बघून तोंड उघडलं.