झाडं लावणाऱ्या माणसाची बायको

बायको गेल्यावर मुलाने मला म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला नेलं. दोन हजार चार-पाचची गोष्ट. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात. दुपारी नात शाळेतून आली की घरात आम्ही दोघंच. तिला मराठी समजे, पण उत्तर जर्मनमध्ये येई. मला जर्मन येत नव्हतं.

लायब्ररीतून ती एकाच माणसाची पुस्तकं आणायची. जुन्या अमेरिकेत वस्तीच्या पुढे अनवाणी जाऊन सफरचंदाची झाडं लावणारा माणूस, डोक्यावर पातेलं. मी चित्रं बघून गोष्ट रचायचो. माझ्या गोष्टीत तो रोज संध्याकाळी घरी येई आणि बायको त्याला पाय धुवायला गरम पाणी देई. नात मला टेकून ऐकायची.

पुढे ती वाचायला शिकली. एका दुपारी ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "दास श्टेट दा निश्ट." असं इथे लिहिलेलं नाही. मग तिने हातवारे करून समजावलं, की त्याला घर नव्हतं, बायकोही नव्हती.

ते पुस्तक मी त्याच दिवशी खोलीत नेलं. शाळेच्या पुस्तकांना घालतो तसं जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलं आणि बॅगेत ठेवलं. गणपतीचं चित्र बाहेरच्या बाजूला आलं होतं.

परत करायची तारीख आली आणि शोधाशोध सुरू झाली. नात माझ्यासमोर उभी राहिली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आजोबा, पुस्तक तुम्ही नेलं ना?"

"मी नाही पाहिलं, बाळा."

सून तिच्यावर चिडली, आपली चूक आजोबांवर ढकलतेस म्हणून. तरी सुनेने संकोचत माझी बॅग उघडली. गणपती दिसला. पोथी समजून तिने हात लावून कपाळाला लावला आणि बॅग बंद केली. "सॉरी हं, बाबा," म्हणाली. मी मान हलवली.

संध्याकाळी सून, नात आणि मी लायब्ररीत गेलो. सुनेने नातीला काउंटरवर बोलायला लावलं, की पुस्तक तिनेच हरवलं. त्यातला एन्टशुल्डिगुंग, म्हणजे माफ करा, एवढाच शब्द मला कळला. माझ्याकडे न बघता ती बोलली. त्यानंतरचे दोन महिने ती दुपारी शेजारणीकडे जाऊन बसायची. घरात फक्त फ्रिजचा आवाज असे. मग मी पुण्याला परतलो.

इतकी वर्षं त्या घरात ती खोटं बोलणारी ठरली, कुणाचं काही हरवलं की तिचं नाव निघायचं. ते मी फोनवर ऐकत आलो आणि गप्प राहिलो.

परवा मुलाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, तिला तुम्हीच सांगा ना."

"तू सांग, जर्मनमध्ये," मी म्हटलं. "मी मराठीत काही सांगितलं तर तिला ते रचलेलंच वाटेल."