द्राक्षांना गुंडाळलेली कादंबरी

आधी हे सांगते, की माझी कादंबरी आज माझ्याकडे आहे ती मुकादम मावशींमुळे. दर हंगामात आमच्या बागेवर पेठकडून बायांची टोळी यायची, तिच्या त्या मुकादम. त्यांना वाचता येत नाही, सहीच्या जागी अंगठा लावतात.

मी यवतमाळकडची. आठवीत शाळा सुटली आणि कामामागे फिरत दिंडोरीजवळच्या या बागेत कायमची कामाला लागले. फोनवर लिहायला मला जमत नाही. मी एक शब्द लिहिते, फोन भलताच उमटवतो. म्हणून हातानेच लिहिते. द्राक्षं पेट्यांत भरतात त्या पॅकहाउसमध्ये चुकीचे छापलेले मोठे कागद टाकून देतात, ते पाठकोरे असतात. एका कागदावर एक प्रसंग, निळ्या पेनाने. खाडाखोड लाल पेनाने. नंबर घालत नव्हते, कारण प्रसंग सारखे मागेपुढे करायची. क्रम काय तो गठ्ठ्याचाच, वरून सुतळी. दोन वर्षांचा तो एकच गठ्ठा खाटेखाली असायचा.

चूक माझी. बाया विचारायच्या, काय लिहिते गं सारखी? आठवी शिकलेली बाई कादंबरी लिहिते, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी म्हणायचे, काही नाही, रद्दी आहे.

थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून आमच्याकडे एकेका घडाला जुनं वर्तमानपत्र गुंडाळून स्टेपलरने पिन मारतात. त्या सकाळी मी पॅकहाउस झाडायला गेले होते आणि बागेत पेपर संपले. एकीला आठवलं, हिच्या खोलीत रद्दी आहे की. खोलीला कुलूप नव्हतं.

दुपारी डबा घेऊन मी बागेत आले. ओळीतून चालताना एका घडावर अक्षर दिसलं. वाटलं, कुणाचं तरी अगदी माझ्यासारखंच आहे. मग वाचलं. माझ्या नायिकेची आई चूल सारवत होती आणि तिच्या कमरेत स्टेपलरची पिन. शेजारच्या घडावर लेकीचं लग्न. त्यापुढच्यावर कोर्ट. डबा हातातून पडला तेही मला कळलं नाही. मी मातीत बसले. नुसतं बोट दाखवत होते.

एक बाई हसत म्हणाली, "तूच म्हनायचीस ना, रद्दी हाय?"

मावशी तेवढ्यात पलीकडच्या प्लॉटवरून आल्या. त्यांनी तिला हातानेच गप्प केलं आणि माझ्यापाशी उकिडव्या बसल्या.

"हे दुसरीकडं कुठं लिवलेलं हाय?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"नंबर तरी?"

तेही नव्हते. सात जणींनी गठ्ठा वाटून घेऊन सात ओळींत गुंडाळला होता. कागद सापडले तरी क्रम गेला, हे ध्यानात आलं. मी उठून समोरचा कागद ओढणार, तर मावशींनी मनगट धरलं.

"कुनी हात लावायचा नाय. जिनं लावला तिनंच काढायचा. पयल्या झाडापासून, लावला त्याच ओळीनं."

त्यांनी तसंच करून घेतलं. काढलेला कागद पालथा, त्यावर पुढचा पालथा. सात गठ्ठे झाले. कुणी वरचा भाग घेतला होता, कुणी खालचा, यावर बाया बराच वेळ भांडल्या; मावशींनी एकेकीला आठवायला लावून तेही लावलं. तीन कागद घडांवरच्या दवाने भिजून फाटले, बाकी सगळे मिळाले.

मालक आले. उघडे घड बघून संतापले, हे कुणी केलं म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, "मीच सांगितलं तिची रद्दी आनाया, आनि मीच काढाया लावली." आणि मी गप्प राहिले. काम गेलं तर जायचं कुठे, एवढंच डोक्यात होतं.

यंदा मालकांनी दुसरी टोळी आणली.

मावशींना फोन केला तर म्हणाल्या, आम्हाला कळवणकडं काम मिळालं, तू लिव. मी लिहिते आहे, आता प्रत्येक पानाखाली कार्बन घालून. पण मालकांसमोर अजून तोंड उघडलेलं नाही. मावशी, तुम्ही स्वतःच्या नावावर घेतलेली ती चूक मी एक दिवस मालकांसमोर उभी राहून माझ्या नावावर करीन, आणि मगच तुमच्या दारात येऊन हे सगळं तुम्हाला वाचून दाखवीन.